दुभाषी सून

आष्टीच्या बागेत डाळिंब हातात घेऊन हॉलंडचा व्यापारी इंग्रजीत म्हणाला, "इतकी बारकी फळं आमच्याकडं कुणी फुकटसुद्धा नेणार नाही."

"काय म्हणतोय गं त्यो?" शहादेवरावांनी सुनेला विचारलं.

"रंग लई आवडला म्हणतेत, मामा. जरा मोठं फळ मिळंल का, इचारतेत."

"त्याला म्हणावं, पटत नसंल तर चालू लाग!"

दीपमालानं हसून इंग्रजीत सांगितलं, "मामा म्हणतात, आधी जेवून घ्या."

जेवण झालं, सौदाही झाला. व्यापारी गेल्यावर शहादेवराव सुनेला म्हणाले,

"तुझ्या सासूला सांग, सून लई गुणाची आणलीस."

सासू-सासऱ्यांचा तीन वर्षांचा अबोला होता आणि इकडचे निरोप तिकडे दीपमालाच पोचवायची. हा मात्र तिनं पहिल्यांदाच एकही शब्द न बदलता पोचवला.