शंभर दाणे

आमच्या मोडनिंबच्या घरी पेरणीआधी ज्वारीची उगवण तपासतात. माझे सासरे रावजी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून चार दिवस मधल्या खोलीत ठेवतात.

यंदा त्यांनी गुंडाळी उलगडली, तर शंभरच्या शंभर दाण्यांना बोटभर कोंब आले होते. तरी त्यांचा चेहरा खुलला नाही.

"रेश्मा, दाणा दाबून बघ."

कोंब वाढतो तो दाण्यातलं पीठ खाऊन. चौथ्या दिवशी दाणा पोचट व्हायला हवा. हा टणक होता, पेरायच्या दाण्यासारखा भरलेला.

"मग ह्यो कोंब वाढला कशावर?" त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "खत-बित शिंपडलंस काय?"

"साधं पाणीच मारलं की, मामंजी."

त्यांना ते पटलं नाही. मला त्यांचाच संशय येत होता.

गोणपाट ज्या पोत्याला टेकवलं होतं, त्यातली ज्वारी दळणाला काढायची होती. मी पोतं ओढलं. ते एका हातानं सरकलं. आत दाणे दिसायला धड होते, पण एखादा चिमटीत धरला की नुसतं फोलपट. पलीकडचं पोतं मात्र जागचं हललं नाही.

रावजींनी गोणपाट ठेवलं होतं त्या जागेकडे बघितलं.

"दुसऱ्या अंगाला काय होतं गं?"

दुसऱ्या बाजूला माझ्या आरोहीचं अंथरूण होतं. चार वर्षांची पोर गोणपाटाकडे पाठ करून अजून झोपलेली. गाल गुबगुबीत, श्वास संथ.

मी तिला उचलायला दोन्ही हात घातले. एकच पुरला.