चाकाचा ठोकळा

अप्पांनी पिशवीतून लाकडी ठोकळा काढला, तसा पहारेकरी धावत आला. "आजोबा, स्मारकावर फुलांशिवाय काही ठेवायचं नाही!"

"फुलं मुलीकडे आहेत," म्हणत अप्पा चालत राहिले.

"आईनं कितीदा बंबात घालायला काढला होता तो," मुलगी पहारेकऱ्याला म्हणाली. "दर वेळी भांडण!"

जुन्या धावपट्टीवर महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानाची खऱ्या मापाची आकृती दगडात आखली होती. कडेला परत न आलेल्या वैमानिकांची नावं आणि शेवटी एकच ओळ: जमिनीवर वाट पाहणाऱ्यांनाही अर्पण.

या तळावरच्या वाट पाहणाऱ्यांपैकी आता एकटे अप्पा उरले होते. युद्धात त्यांचं काम साधं होतं.

ठोकळा चाकाखालून काढला, विमान गेलं.
ठोकळा चाकाला लावला, विमान आलं.

त्या पहाटे त्यांनी काढला. लावायला चाक परत आलंच नाही.

आकृतीत चाकाची जागा शोधून अप्पा गुडघ्यावर टेकले. ठोकळा सरकवून तळहातानं घट्ट बसवला. मग उठून रिकाम्या आभाळाकडे पाहत त्यांनी गळ्यासमोरून आडवा हात फिरवला. इंजिन बंद करायची ती खूण होती.

पहारेकरी हळूच म्हणाला, "संध्याकाळी गेट बंद करताना उचलावा लागेल, आजोबा."

"तोवर उतरतील सगळे."

अप्पा समोरच्या लांब बाकावर जाऊन बसले, अगदी टोकाला.

"मध्ये बसा की अप्पा, सगळा बाक मोकळा आहे," मुलगी म्हणाली.

अप्पा आणखी थोडे कडेला सरकले.