हिरवा पुडा

पो-हानने सगळा बाजार पालथा घालून काँप्युटरचा एकेक भाग जुळवला होता. ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटमध्ये मावतं ना, पॉवर सप्लाय त्याला पुरतो ना, सगळं दहादा तपासलं होतं. वर कुरकुऱ्यांचा हिरवा पुडाही ठेवला होता. हिरव्या पुड्याने यंत्र गुण्यागोविंदाने चालतं आणि पिवळ्याने रुसून बसतं, हे तैपेईत शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी काँप्युटर ढिम्म.

“कशाला जीव काढतोस या धुडासाठी?” दारातून आई, शू-चेन, म्हणाली. “चालत नसेल, तर ओसाकाची ती नोकरीच सोडून दे की.”

“ओसाकाला कोण जातंय? काम करीन तर घरूनच, असं कळवलंय त्यांना. म्हणून तर हे धूड घेतलं. पण हे चाललं नाही, तर जावंच लागेल.”

 “थांब, मागची वायर बघते,” म्हणत शू-चेन लगबगीने कॅबिनेटमागे वाकली.

पो-हानने मेमरीची पट्टी पुन्हा दाबून बसवली आणि बटण दाबलं. पंखे घूं करून फिरले.

“मेमरीच नीट बसली नव्हती, आई!”

“तेच असणार, बाळा.”

शू-चेन स्वयंपाकघरात गेली, आणि सकाळी स्वतःच कॅबिनेटमागे दडवलेला पिवळा पुडा तिने उभ्या उभ्या खाऊन संपवला.