कोशाच्या खोलीत एक दिवस

इस्तारीने नाकाला रुमाल लावला आणि मागच्या ठेंगण्या दारातून वाकून आत शिरला. चुलीवर कोसा, म्हणजे रानरेशमाचे कोश, उकळत होता. ज्याने हा वास कधी घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. कोशात मेलेल्या किड्यांचा, राखेच्या पाण्याचा, घामाचा असा सगळा मिळून एक ओला दर्प भिंतींना चिकटून बसला होता. इस्तारीने मनातल्या मनात चंद्रपूरच्या शिबिरातल्या त्या साहेबाला एक सणसणीत शिवी हासडली.

हे खूळ साहेबाचंच होतं. लहान धंदेवाल्यांना पुढारपण शिकवायला सरकारने हा माणूस पुण्याहून आणला होता. सिंदेवाहीहून एसटीचे धक्के खात शिबिराला जायचं आणि तिथे काय, तर साहेब टाळ्या वाजवायला लावणार, डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांचा हात धरून चालायला लावणार. मिशा पिकलेली माणसं निमूटपणे ते करत होती. इस्तारीला त्यांची किळस आली आणि त्यांच्यात आपण उभे आहोत याची त्याहून जास्त आली. पण गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. नागपूरच्या एका विणकराने कोशाच्या धाग्याची मोठी मागणी दिली होती आणि नेमक्या तेव्हाच धागा काढणाऱ्या बाया एकेक करून काम सोडत होत्या. अर्ध्या चटया रिकाम्या पडल्या होत्या. दिवाळीपर्यंत धागा पोचला नाही तर विणकर आरमोरीच्या व्यापाऱ्याकडे जाणार, आणि इस्तारीने धंद्याला कुलूप घालायचं.

बाया का जातात, असं साहेबाने विचारलं तेव्हा इस्तारीने चारचौघांत सांगून टाकलं, की बाया माजल्या आहेत. मजुरी वाढवून दिली तरी रोजगार हमीच्या कामावर भर उन्हात खडी फोडायला पळतात, पण आपल्या सावलीत बसवत नाही त्यांना. साहेब वाद घालत बसला नाही.

"एक दिवस त्यांच्या जागेवर बसा," तो म्हणाला. "हुकूम सोडायचा नाही. त्या सांगतील ते काम करायचं. मग बाया का जातात ते सोमवारी येऊन आम्हाला सांगा."

हा धंदा चालायचा ते घर तसं ऐसपैस होतं. पुढच्या वाऱ्याच्या खोलीत इस्तारीची गादी, वजनकाटा आणि दिवसभर जळणाऱ्या उदबत्त्या. मागची खोली बायांची. तिच्या बाहेरच्या खिडक्या त्याने विटांनी बुजवल्या होत्या, कारण बाया तिथून कोसा पार करतील असा त्याला संशय. मधल्या भिंतीत लक्ष ठेवायला एक खिडकी होती, पण तिच्यातून वास यायचा म्हणून लटारू सुताराकडून तिला जाड सागवानी झडप करून घेतली होती. संध्याकाळी धागा घेण्यापुरती ती उघडायची, तेव्हाही इस्तारी तोंड फिरवून हात पुढे करायचा. लहानपणी आईच्या लुगड्याला हाच वास यायचा आणि त्याच लुगड्यात तो झोपायचा. टेरिलिनचा सदरा घालायला लागल्यापासून ही गोष्ट तो कोणाला सांगत नसे.

मांडीवर धागा वळत बसलेल्या बायांनी त्याला पाहून घाईघाईने लुगडी खाली ओढली आणि पाठ करून बसल्या. चुलीपाशी बायांमधली थोरली रुखमा होती. तिला वाटलं, मालक चोरी पकडायला आले. काही हरपलं का, असं तिने भीतभीत विचारलं. आज मी इथे काम करणार आहे, असं इस्तारीने कसंबसं सांगितलं. कोणी हसलं नाही. रुखमाने धागा काढून झालेल्या कोशांची टोपली त्याच्यापुढे सरकवली. आतला उकडलेला किडा काढून बाजूला टाकायचा, एवढंच काम.

पहिलाच किडा बोटांत फुटला. काळपट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. चुलीचा धूर छपराला लागून पुन्हा खाली उतरत होता. रुमाल घामाने भिजून नाकाला चिकटला, आणि आता रुमालालाही तोच वास यायला लागला. समोर वच्छला बसली होती. तिला दिवस गेले होते. मधूनच ती पदर तोंडाशी धरून थांबायची, आलेला उमासा गिळायची आणि परत धागा वळायला घ्यायची. इस्तारीला तिच्याकडे पाहवेना. कसल्या बाया या, त्याला वाटलं. जनावरसुद्धा असं बसणार नाही. जरा हवा आत घ्यावी एवढी अक्कल नसावी?

दुपार व्हायच्या आत त्याला उलटी झाली, टोपलीच्या शेजारीच. तो तोंड पुसत उठला आणि भिंत चाचपत निघाला. धुरात काही दिसत नव्हतं. हाताला लाकडाच्या फळ्या लागल्या, तशा त्याने त्या दोन्ही हातांनी ढकलल्या. मग खांद्याने धक्के दिले. फळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"हे खिडकी कोणं बंद केली?" तो ओरडला. "जीव गुदमरून राह्यला इथी. उघडत काऊन नाई?"

सगळ्यांचे हात थांबले. वच्छलाने मान खाली घातली. रुखमाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पदराला हात पुसले आणि त्याच्यापाशी येऊन उभी राहिली.

"इकडून नाई उघडत जी, भाऊ," ती म्हणाली. "कडी तुमच्या खोलीत हाये."