पोटभर शेंगदाणे

आमचा बंड्या पोपट एका शेंगदाण्यासाठी पाय उचलून असा कडक सलाम ठोकतो की जवानांनी बघत राहावं! हे त्याला मी शिकवलंय, मी! पण आज बाबांच्या मोठ्या साहेबांच्या मिसेस चहाला येणार होत्या, आणि मॅडमना जे आवडेल ते बाबा हसत हसत देऊन टाकतात. मागच्या वेळी आमची राजस्थानातल्या बगरूची, ठशांच्या छपाईची नवीकोरी चादर अशीच गेली.

"आई, बंड्याला शेजारी ठेवू या ना!"

"आता कुठलं? बाबांनी त्याचं कौतुक आधीच सांगून ठेवलंय."

मग मी डोकं चालवलं. बंड्या भूक असेल तरच सलाम करतो. मी त्याला वाटीभर शेंगदाणे आणि वर अख्खा पेरू चारला. मॅडमनी शेंगदाणा पुढे धरला, तर पठ्ठ्याने चक्क डोळे मिटून घेतले. मी मनातल्या मनात नाचले!

"मेजर साब, ये तो कुछ करता ही नहीं."

बाबांचा चेहरा पडला. मग ते घाईघाईने म्हणाले, "मॅडम, हमारी चारू गाती बहुत अच्छा है. चारू, चल, उभी राहा."

मी उभी राहिले आणि गायले. मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी पर्समधली टॉफी सोलून स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातली.

"अब हर शनिवार हमारी पार्टी में गाएगी, है ना?"

टॉफी दातांना अशी चिकटली की मला 'नाही' म्हणता येईना. तोवर बाबा म्हणालेसुद्धा, "जी मॅडम, जरूर."