देव बरसला

"चाक फिरत होतं की नव्हतं?" राजाच्या तपासनिसाने तिसऱ्यांदा विचारलं.

बारा पंच घोटाभर चिखलात उभे राहून एकमेकांची तोंडं बघत होते. मधे, उतारावर, ओल्या गवताखाली ऑस्बर्ट पडला होता. दोन दिवस तसाच. तपासनीस येऊन बघेपर्यंत प्रेत हलवायचं नाही हा राजाचा कायदा, आणि तपासनीस येणार आपल्या सवडीने. ऑस्बर्टच्या उशाशी त्याची आई सिबिल जपमाळ धरून पुटपुटत होती. तीही दोन दिवस तिथेच. बायको हाविस जरा लांब, बैलाचा कासरा हाताला गुंडाळून उभी होती.

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. सरपणाने भरलेली गाडी चढावर मागे घसरली आणि मागून खांदा लावणारा ऑस्बर्ट चाकाखाली आला. पण तसं म्हटलं की संपलं. ज्या वस्तूच्या हलण्याने माणूस मरतो, ती देवाला द्यायची. नावाला देवाला, जाते राजाच्या घरात. चाक फिरलं म्हणजे गाडी गेली. गाडीला जुंपलेला म्हणून बैलही गेला. बैल नाही तर नांगरट नाही, आणि नांगरट केली नाही तर मालक जमीन काढून घेणार. एवढा हिशेब हाविसला कुणी समजावून सांगायला नको होता.

पंचांचा म्होरक्या होता हॅमो. त्याचं शेत ऑस्बर्टच्या शेताला लागून. दोघांत सात वर्षं अबोला. जमीन सुटली की पहिला हात त्याचाच पुढे येणार, म्हणून हाविस त्याच्याकडे बघायचंच टाळत होती.

"बोल, हॅमो. पवित्र ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतलीयस."

"बोलतो की, सरकार." हॅमोने बाहीला नाक पुसलं. "चाकाचं काय घेऊन बसलात? चाक घसरलं कशानं? चिखलानं. चिखल झाला कशानं? देव बरसला."

तपासनिसाने कारकुनाकडे पाहिलं. तपासनिसाची बोली फ्रेंच, कारकुनाचं लिहिणं लॅटिन, आणि आम्ही इंग्रजीत रडणारी माणसं. आमच्यात पाऊस आपला आपण पडत नाही. देव बरसतो. पेरणीला बरसतो तेव्हा तो, आणि कापलेलं पीक शेतात कुजवतो तेव्हाही तोच. गेली दोन वर्षं त्याने हात आवरला नव्हता. पोरं उपाशी झोपत होती, तरी सकाळी दार उघडून माणूस तेच म्हणायचा, आज पण बरसतोय. त्यात तक्रार नसायची. घरातल्या तिरसट वडीलधाऱ्याबद्दल बोलावं, तसं बोलायचे.

"म्हणजे देवानं मारलं म्हणतोस?"

"मी कोण म्हणणारा? देव बरसला एवढं मी म्हणतो. खोटं असेल तर जीभ झडो माझी. हललेली वस्तू न्यायचीच असेल तर पाऊस न्या, सरकार. लागेल तेवढा न्या. पिंपं आम्ही देतो."

पंचांमध्ये खसखस पिकली. दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणी हसलं. तपासनीसही मिशीत हसला. त्याचे बूट भिजून जड झाले होते आणि पुढच्या गावात आणखी दोन प्रेतं त्याची वाट बघत होती.

"लिही," तो कारकुनाला म्हणाला. "चाकाचा दोष नाही. देवानं पाऊस पाडला, त्यानं हा मेला. जप्ती नाही."

कारकुनाने लिहिलं आणि सगळ्यांना कळावं म्हणून आमच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. बारा जणांनी माना हलवल्या. हाविसला रडू फुटलं. ज्याच्या नावाने सात वर्षं बोटं मोडली, त्यानेच तिचं घर वाचवलं होतं. ती त्याच्याकडे वळली, तसा तो खेकसला, "रडतेस काय? बैलाला वैरण घाल आधी. हाडं दिसतायत त्याची."

मग हाविसला जाणवलं, की पुटपुटणं थांबलंय.

"आई," ती सासूजवळ जाऊन बसली. "पुरी करा ना प्रार्थना. आता उचलतील त्यांना."

"कुणाची करू?" सिबिल म्हणाली. "दोन दिवस सांगतेय, देवा, माझ्या लेकराला पदरात घे. बारा जणांनी शपथेवर सांगितलं, त्यानंच मारलं. मारणाऱ्याच्याच पदरात घालू?"

तिने जपमाळ चिखलात ठेवून दिली. फेकली नाही, ठेवून दिली.

"अगं म्हातारे, ते लिहिण्यापुरतं असतं," हॅमो घाईघाईने पुढे आला. "राजाला फसवायला!"

सिबिलने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने ऑस्बर्टच्या तोंडावरचं गवत बाजूला केलं. तिला चार पोरं झाली होती आणि ऑस्बर्ट त्यातला शेवटचा उरलेला होता. आधीच्या तिघांना तिने स्वतःच्या हाताने पुरलं होतं, प्रार्थना म्हणत.

हाविस उठली. तिने मनगटाचा कासरा सोडवला. ओलीने गाठ आवळली होती, वेळ लागला. मग ती तपासनिसापुढे गेली आणि कासरा कारकुनाच्या हातात दिला.

"चाक फिरत होतं, सरकार. मी बैलापाशीच होते, मी पाह्यलंय. आधीचं खोडा आणि हे लिहा. मोठ्यानं वाचा, तिला ऐकू जाईल असं."

"वेड लागलं का तुला?" हॅमो ओरडला. "बैल गेल्यावर काय करशील?"

"बैल तुझा मागेन, हॅमोदादा. तू नाही दिलास तर आणखी कुणाचा," हाविस म्हणाली. "तिला दुसरा देव कुणाकडून मागून आणू?"