केतकीची शपथ

पिकअप घासून पुढे गेली आणि मंदारच्या उजव्या बाहीवर पिंक पडली. कोमट, चिकट, सुपारीच्या चुऱ्यासकट.

"माणसं आहेत का जनावरं," तो पुटपुटला. ऐकायला कोणी नव्हतं.

उमरखेड मागे टाकून पहिला चढ नुकताच लागला होता. चार चढ, आणि एकाही चढावर पाय टेकायचा नाही, असा त्याचा दर रविवारचा नेम. त्यामुळे बाही पुसायला थांबताही येईना. डाग अंगावर घेऊनच तो पेडल मारत राहिला आणि त्याला ओकारी येत राहिली.

असा एखादा तरी डाग दर रविवारी घरी यायचा. कधी बाहीवर, कधी छातीवर. मंजुषा जर्सी भिजत घालताना अख्ख्या रस्त्याचा उद्धार करायची. "मेल्यांना थुंकायले माहाच नवरा सापडते का?"

घाटाकडे तर बघवत नव्हतं. कठडे, किलोमीटरचे दगड, वळणावरचा आरसा, काही म्हणजे काही या लोकांनी सोडलं नव्हतं. सगळीकडे खर्ऱ्याचे लाल ओघळ. झुडपांना पानं कमी आणि प्लॅस्टिकच्या रिकाम्या पन्न्या जास्त. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून घ्यायचा, गालात कोंबायचा आणि गावभर थुंकत सुटायचं. शी. याला काय जगणं म्हणायचं?

मंदारला हे बोलायचा हक्क होता, कारण मागच्या वर्षापर्यंत तोही त्यातलाच. शाळेत गणित शिकवायचा आणि मधल्या सुटीत सायकल स्टँडमागे जाऊन पन्नी उघडायचा. एके दिवशी भजं तोंडात जाईना. डॉक्टरांनी तोंडात बोटं उभी धरून पाहिली. तीन जायला हवी होती, दोनच गेली.

"आता बंद केलं नाही, तर नळीनं जेवाल," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या पुढचं मी बोलत नाही."

मंजुषा रडली नाही. घरी येऊन तिनं केतकीला पाटावर बसवलं. "ठेवा हात पोरीच्या डोक्यावर, अन् म्हणा. पुन्हा खाणार नाही."

मंदारनं हात ठेवला आणि म्हटलं. लेकीची शपथ मोडली तर लेकीवरच येते, हे गणिताच्या मास्तरालाही मनातून खरंच वाटत होतं.

तेव्हापासून सायकल. चढावर पाय टेकायचा नाही, हेही त्यानं त्याच शपथेत घातलं. आधी गावातल्या सायकलवाल्यांसोबत जायचा, पण ते दर चढाला थांबत, गप्पा हाणत, फोटो काढत. त्याला ते जमेना. मग एकटाच निघू लागला.

निघताना बापलेकीचा दारात एक खेळ असायचा.

"सुटली म्हण," मंदार म्हणायचा.

"सुटली," केतकी डोळे चोळत म्हणायची.

परत आला की तिच्या डोक्यावर पुन्हा हात, पुन्हा शपथ. मंजुषाला याचं भारी कौतुक. "चढावर पाय टेकला तर पोरीवर नको यायले, म्हणून निघतानाच सोडवून घेतात," ती शेजारणीला सांगायची.

दुसऱ्या चढाच्या पायथ्याशी मंदार घटकाभर पळसाआड जाऊन आला आणि वर निघाला. माथ्यावर सोनीबाईची चहाची टपरी होती.

"मास्तर, चहा घेता का?"

त्यानं मान हलवली आणि हातानंच पुढचा रस्ता दाखवला.

"कधी तोंडातून शबूद काढत नाही बाप्पा हा माणूस," सोनीबाई गिऱ्हाइकाला म्हणाली. "दम राखून ठेवते."

तिसरा चढ लांबलचक. मध्यावर लखीरामची मोटरसायकल बाजूला आली. हा त्याच्या वर्गातल्या एका पोराचा बाप. गाल टम्म फुगलेला, ओठाच्या कोपऱ्यातून लाल रेघ उतरलेली. त्यानं एका हातानं पन्नी पुढे केली.

"घ्या मास्तर. चढाले जोर येते."

मंदारनं ओठ घट्ट मिटून तोंड फिरवलं. लखीराम हसला, पलीकडे थुंकला आणि निघून गेला. वास मात्र मागे राहिला. तंबाखू, चुना, ओली सुपारी. मंदारच्या तोंडाला पाणी सुटलं आणि मग त्याला स्वतःचीच किळस आली.

पोटरीत गोळा आला. पुढचं चाक डगमगलं. पाय टेकावा आणि तिथंच बसावं, असं वाटलं. डॉक्टरांची बोटं आठवली. पाटावर बसलेली केतकी आठवली, तिचं तेल लावलेलं गरम डोकं आठवलं. तो दात आवळून वर गेला.

चौथा चढ सगळ्यात वाईट. अंगावर येणारा. मंदार सीटवरून उठला आणि उभ्यानंच पेडल मारू लागला. कठड्यावरचे लाल ओघळ डोळ्यांच्या कोपऱ्यातून मागे सरकत होते. जगात एवढी घाण असते आणि माणसं तिच्यातच राहतात, खुशाल. त्याला या साऱ्यांची, त्यांच्या तोंडांची, त्यांच्या हसण्याची शिसारी आली.

माथा आला. पाय टेकला नव्हता.

त्यानं शेंदूर लावलेल्या दगडापाशी सायकल उभी केली आणि कठड्याला टेकला. छाती भात्यासारखी चालत होती. खाली कापसाची शेतं पांढरी दिसत होती. तेवढ्यात फोन वाजला. घरून होता.

मंदार कठड्यावरून वाकला आणि लांब लाल पिंक टाकली. तोंड पुरतं उघडत नव्हतं, म्हणून थोडी जर्सीवर ओघळली. मग त्यानं फोन कानाला लावला.

"बाबा, चारही?"

"चारही."

"पाय नाही टेकला?"

"नाही बेटा."

"मग आता फोनवरच शपथ लावू?"

त्यानं जर्सीच्या मागच्या खिशात हात घातला. अजून एक पन्नी शिल्लक होती.

"नको," तो म्हणाला. "घरी येईपर्यंत सुटलेलीच राहू दे."